मान सोडवून घेताना: बेळगावातल्या फिजिओ सिटिंगचा हिशेब

"सर्व्हायकल झालंय बगा," असं निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणीही सांगेल आणि सोबत एक्स-रेचं पाकीट काढून दाखवेल. पाकिटात बहुतेक वेळा वयाप्रमाणे झालेली थोडी झीज असते, नाहीतर 'मानेची कमान सरळ झाली आहे' असं एक वाक्य असतं. मान अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या एक्स-रेतही या दोन्ही गोष्टी सापडतात. त्रास वेगळाच असतो, चिंतेने आखडलेल्या मानेचा. मानगूट लाकडासारखं, संध्याकाळपर्यंत खांदे कानाला टेकायला आलेले, रात्री दातावर दात, पहाटे साडेतीनला उघडलेले डोळे आणि कारण नसताना धडधड. अशा मानेसाठी फिजिओथेरपिस्टकडून हाताने होणारा उपचार घ्यावा का, आणि घेतलाच तर त्या सिटिंगमध्ये नक्की काय व्हायला हवं, एवढ्यापुरता हा रिव्ह्यू. तो कुठल्या एका दवाखान्याचा नाही. पाटी कुणाचीही असो, टेबलावरची चाळीस मिनिटं कशी गेली यावरच सगळं ठरतं.

आधी निकाल सांगून टाकू. हाताचा उपचार, त्याच सिटिंगमध्ये श्वासाचा सराव आणि घरी करायचे दोन-तीन व्यायाम असं सगळं मिळत असेल तर पाचपैकी चार. नुसता शेक आणि मशीनचा करंट देऊन पाठवत असतील तर दीड, तोही शेकाचा. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याला शून्य, दाढीसोबत फुकट मिळत असलं तरी शून्यच. पहिल्या पर्यायाचा एक गुण कापला, कारण हाताने आलेली मोकळीक साधारण एक-दोन दिवस टिकते. तेवढ्यात व्यायाम आणि श्वास बसवला नाही तर तिसऱ्या दिवशी खांदे पुन्हा कानाशी.

चिंतेत शरीर फटका चुकवायच्या तयारीत राहतं. खांदे वर, हनुवटी पुढे, जबडा घट्ट. डोकं साडेचार-पाच किलोचं. ते पुढे सरकलं की मानेमागच्या स्नायूंना दिवसभर लगाम ओढून धरावा लागतो. त्यात श्वास छातीच्या वरच्या भागात चढतो. मानेच्या बाजूचे स्केलीन आणि कानामागून गळपट्टीच्या हाडापर्यंत येणारा एससीएम हे धाप लागल्यावर मदतीला धावणारे स्नायू. निवांत बसलेला माणूस मिनिटाला 12 ते 18 श्वास घेतो. चिंतेने बावीस-चोवीस उथळ श्वास घेणाऱ्याच्या बाबतीत हे मदतनीस सकाळपासून रात्रीपर्यंत फासळ्या उचलत बसतात. म्हणून संध्याकाळी मानेचा पुढचा भागही दुखतो. सतत चिंता करण्याच्या आजाराचं निदान करताना डीएसएम-5 या पुस्तिकेत जी सहा लक्षणं पाहतात, त्यात स्नायूंचा ताण हे एक आहे. तेव्हा मान दुखते म्हणून आलेल्या माणसाला झोप कशी लागते हे विचारणारा फिजिओ वाट चुकलेला नसतो, उलट तोच बरोबर वाटेवर असतो.

निवडीच्या बाबतीत बेळगावकरांची सोय बरी आहे. केएलईचं फिजिओथेरपी कॉलेज शहरातच आहे. पाटीवर बीपीटी किंवा एमपीटी पाहावं. बीपीटी म्हणजे इंटर्नशिपसकट साडेचार-पाच वर्षांचं शिक्षण, आणि एमपीटी त्यावर आणखी दोन वर्षं. हाडवैद्याकडे हात मुरलेला असेलही, पण कुणाच्या मानेला हात लावू नये हे ओळखायची तपासणी त्याच्याकडे नसते, आणि या कामात तीच महत्त्वाची. फोनवर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. एका सिटिंगमध्ये हाताचं काम किती मिनिटं? दर वेळी तोच माणूस असेल का? बाई थेरपिस्ट हवी असेल तर मिळेल का? "आधी या, मग बघू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर लावावा. फी जागोजागी वेगळी असते, म्हणून नुसत्या रकमांची तुलना करू नये. फीला हाताच्या मिनिटांनी भागावं. पंधरा मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक आणि पाच मिनिटं हात अशी स्वस्त सिटिंग त्या भागाकारात महाग निघते.

आता चांगली सिटिंग कशी असते ते सविस्तर.

पहिल्या भेटीत दहा-पंधरा मिनिटं तरी बोलणं आणि तपासणी. मान दोन्हीकडे किती वळते हे पाहिलं आणि लिहून ठेवलं गेलं पाहिजे. सहसा सत्तर-ऐंशी अंश वळते, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्याच्या रेषेत येते. श्वास मोजला जावा, तोही तुम्हाला न सांगता. सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घेऊ लागतो. हातात मुंग्या येतात का, पकड सैल झाली आहे का, चालताना तोल जातो का, हे विचारावं. चालू गोळ्या विचाराव्यात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जोराचा दाब नाही. आमवात असेल तर मानेला झटका कधीच नाही, कारण या आजारात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांमधला बांध सैल पडलेला असू शकतो. चिंतेसाठी प्रोप्रानोलॉल ही गोळी चालू असेल तर टेबलावरून उठताना चक्कर येऊ शकते. आधी कुशीवर, मग एक मिनिट बसून, मग उभं.

नंतर झोपवण्याची पद्धत. इथेच अर्धे दवाखाने चुकतात. मान म्हटलं की पेशंटला पालथं घालून टेबलाच्या भोकात तोंड घालायला लावतात. घाबऱ्या माणसाला तिथे कोंडल्यासारखं होतं, मागे कोण काय करतंय ते दिसत नाही, आणि जो स्नायू सोडवायचा तोच आणखी आवळतो. पहिल्या दोन सिटिंग उताणं झोपवून कराव्यात. गुडघ्यांखाली उशी, तोंड दाराकडे, पडदा असला तरी बाहेरची चाहूल लागेल असा. हात लावण्याआधी कुठे लावणार ते सांगावं, आणि 'थांबा' म्हणताच थांबावं. चेन, कानातलं, मंगळसूत्र काढायचं असेल तर ते पेशंटच्याच पर्समध्ये, डोळ्यांसमोर ठेवावं; ट्रेमध्ये ठेवलं की अर्धं लक्ष त्या ट्रेकडे लागून राहतं, मग मान कशी सैल पडणार?

शेक दहा-पंधरा मिनिटं पुरे. गरम पॅक आणि त्वचा यांच्यामध्ये टॉवेलच्या सहा ते आठ घड्या हव्यात. पॅकवर डोकं टेकून झोपवलं तर वजनाने तो जास्त चटका देतो. अशा वेळी एक घडी वाढवावी.

हाताचं काम कवटीच्या कडेपासून सुरू झालेलं चांगलं. थेरपिस्ट डोक्यामागे बसतो, बोटांची टोकं कवटीच्या खालच्या कडेला लावतो आणि डोक्याचं वजन बोटांवर आपोआप बसू देतो. दाबायचं नाही, चोळायचं नाही. तीन ते पाच मिनिटं नुसतं धरून ठेवायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा काहीच करत नाही. पण मागून कपाळापर्यंत चढणारं डोकं हलकं होतं ते बहुतेक याच पाच मिनिटांत. घाईत असलेला थेरपिस्ट नेमका हाच भाग गाळतो.

मग खांद्याचा माथा. मान आणि खांदा यांच्यामधला जाड स्नायू, वरचा ट्रॅपेझियस, चिमटीत धरून त्यातली दुखरी गाठ शोधतात आणि 30 ते 60 सेकंद एकसारखा दाब देतात. दुखणं दहापैकी पाच-सहाच्या वर जाऊ नये, आणि दाब तसाच असताना ते हळूहळू अर्ध्यावर आलं पाहिजे. एका मिनिटात कमी झालं नाही तर जोर जास्त होतोय किंवा जागा चुकली आहे. "सहन करा, गाठ फुटतेय" हे ऐकू आलं तर सरळ हात बाजूला करायला सांगावं. गाठ फुटत वगैरे नाही. आकसलेला तंतू सैल पडतो. जिरवायच्या बेताने दाबलं की शरीर आणखी आखडतं आणि दुसऱ्या दिवशी निळा डाग राहतो.

खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेच्या वरच्या चार मणक्यांपर्यंत जाणारा लेव्हेटर स्कॅप्युली हा स्नायू 'मान धरली' या तक्रारीचा नेहमीचा आरोपी. त्याला नुसतं ताणून भागत नाही. मान दुसरीकडे वळवून थोडी खाली झुकवतात. पेशंटने थेरपिस्टच्या हाताविरुद्ध जेमतेम पाचव्या हिश्श्याचा जोर सात ते दहा सेकंद लावायचा, मग श्वास सोडत सैल व्हायचं, आणि त्या सैलपणात वीस-तीस सेकंद ताण घ्यायचा. असं तीनदा. यात चूक एकच आणि ती कायमची: पेशंट पूर्ण ताकद लावतो. चिंता असलेला माणूस व्यायामही परीक्षा दिल्यासारखा करतो. त्याला 'लावा जोर' म्हणण्याऐवजी 'मी बोटाने ढकलतोय, तुम्ही फक्त हलू नका' असं सांगितलं की काम होतं.

एससीएम आणि स्केलीनवर हलका हात, आणि एका वेळी एकच बाजू. गळ्याच्या घाटीच्या वरच्या कडेला, बाजूला जिथे नाडी लागते, तिथे रक्तदाब जोखणारी संवेदनशील जागा आहे. ती दाबली की नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. एससीएम चिमटीत उचलून धरायचा असतो, खाली दाबायचा नसतो. स्केलीनच्या फटीतून हाताकडे जाणाऱ्या नसा जातात. तिथे दाबताना बोटांपर्यंत झिणझिण्या गेल्या तर लगेच जागा बदलावी. पुढे दोन-तीन मिनिटं जबड्याचा चावायचा स्नायू, म्हणजे मॅसेटर, आणि पाठीच्या वरच्या भागाचं मोबिलायझेशन, म्हणजे सांधे हाताने हळूहळू हलवून मोकळे करणं. तो भाग आखडलेला असला की मानेला त्याच्या वाट्याचंही वळावं लागतं.

शेवटची दहा मिनिटं सगळ्यात किमती, आणि हीच बहुतेक ठिकाणी 'उद्या दाखवतो' म्हणून कापली जातात. एक, श्वास. एक हात छातीवर, एक पोटावर. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. इथे 'खोल श्वास घ्या' हा सल्ला बऱ्याच जणांना बाधतो. माणूस भाता ओढल्यासारखे मोठे श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठ-बोटं झिणझिणतात, डोकं गरगरतं, आणि त्याला वाटतं अटॅक आला. खोल नको, हळू हवा. दोन, हनुवटीचा व्यायाम. उताणं झोपून अगदी बारीक 'हो' म्हटल्यासारखी हनुवटी आत, दहा सेकंद धरायची, दहा वेळा. मानेच्या पुढच्या आतल्या स्नायूंना जाग येते. गळ्यावर दोन दोऱ्या ताठ उठलेल्या दिसल्या तर व्यायाम चुकतोय. जोर निम्मा करावा. घरात डायलचं बीपी मशीन असेल तर पट्टा घडी करून मानेखाली ठेवावा, काटा 20 वर आणावा, आणि होकार देत एकेका टप्प्याला 22, 24 असं करत 30 पर्यंत जावं. पहिल्या आठवड्यात 24 पर्यंत स्थिर राहिलं तरी ठीक. तीन, खांदे पाच सेकंद कानापर्यंत आवळायचे आणि एकदम सोडून पंधरा सेकंद ते सैलपण ओळखायचं, पाच वेळा. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिलेल्या पद्धतीचा हा तुकडा. ज्याला आपले खांदे वर गेलेत हेच कळत नाही, त्याच्यासाठी यापेक्षा सोपं काही नाही.

आणि उठताना मान पुन्हा वळवून बघावी. सुरुवातीला डावीकडे पन्नास अंश होती, आता पासष्ट आहे, हे पेशंटला स्वतःला दिसायला हवं.

दुसऱ्या दिवशी थोडं ठणकणं स्वाभाविक, 24 ते 48 तासांत ओसरतं. हे आधी सांगितलं नाही तर घाबरा माणूस 'नस सरकली' म्हणून रात्रभर जागतो. शब्दांची ही बाब किरकोळ नाही. 'मणका झिजलाय', 'गॅप कमी झालाय', 'असंच चाललं तर ऑपरेशन' ही वाक्यं एका सिटिंगचा सगळा फायदा पुसतात. गळ्यात पट्टा अडकवून देणारेही तसेच. मोच किंवा फ्रॅक्चर नसताना पट्ट्याने स्नायू आळसावतात आणि 'माझी मान नाजूक आहे' हे मनात पक्कं बसतं.

घरी वापरायच्या वस्तूंबद्दल थोडक्यात. खडे बाजारात किंवा ऑनलाइन मिळणारी मसाज गन खांद्याच्या मांसल भागावर सगळ्यात कमी वेगात मिनिटभर चालेल. मानेच्या पुढे, बाजूला आणि कण्याच्या हाडावर नाही. गळ्यात घालायचा गोळे फिरणारा मसाजर ऊब देतो, पण गोळे हाडावर आदळत असतील तर काढून ठेवावा. ग्रीवाबस्तीत उडदाच्या पिठाच्या कड्यात कोमट तेल धरून ठेवतात. शेक म्हणून सुखाची, पण अर्धा तास पालथं पडून राहणं प्रत्येकाला झेपत नाही, आणि तेल आधी मनगटावर लावून बघायला सांगावं. खांद्यात सुया घालून घेणार असाल तर त्यात शिकलेला हातच हवा. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्या वर दोन-तीन सेंटिमीटर येतं, आणि सुई भलतीकडे गेली तर फुप्फुसाला भोक पडतं.

सलूनच्या मानमोडीला शून्य का, ते सांगायला हवं. मान वळवून दिलेल्या झटक्यात मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या आतल्या पडद्याला चीर जाऊ शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर लकवा. 'कट्' आवाज ही सांध्यातल्या द्रवात झालेल्या पोकळीची करामत आहे, मणका जागेवर बसल्याची खूण नाही. चंपी डोक्यापुरती करून घ्यावी, मानेला हात लावू देऊ नये.

फिजिओकडे न जाता थेट हॉस्पिटल गाठायचं ते कधी? पूर्वी कधीच न झालेली, अचानक उठलेली मानेची किंवा डोक्याची कळ, सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, गिळता न येणं किंवा चेहऱ्याला बधिरपणा. तापासोबत मान आखडणं. बटण लावता न येणं, पाय अडखळणं, लघवीवरचा ताबा जाणं. मान-जबड्यासोबत छातीत दाब आणि घाम. याला 'टेन्शन असेल' म्हणू नये. मळमळीची किंवा मानसिक आजाराची नवी गोळी सुरू केल्यावर मान एका बाजूला पिळवटली तर तो गोळीचा परिणाम असू शकतो, चोळून जाणार नाही. शिवाय वजन घटतंय, हात थरथरतात, उकाडा सोसत नाही, अशी चिंता असेल तर आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करावी. थायरॉइड वाढलेला माणूस हुबेहूब घाबरा दिसतो.

आठवड्याला दोन अशा तीन आठवड्यांत सहा सिटिंग, आणि मग हिशेब. एकवीस सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरू नये. सहाव्या सिटिंगला तीन आकडे समोर हवेत: मान किती वळते, मानेच्या त्रासाची दहा प्रश्नांची प्रश्नावली, आणि चिंतेची जीएडी-7. ही सात प्रश्नांची, एकूण 21 गुणांची. 5 पासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून तीव्र. मान सुधारली पण जीएडी-7 दहाच्या खाली येत नाही, असं झालं तर आणखी सहा सिटिंग हा उपाय नव्हे. मालिशने त्या दिवशी मन निवतं, पण चिंतेच्या आजारावर बोलण्याचा उपचार आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं यांचाच पुरावा भक्कम आहे. चांगला फिजिओ इथे स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाचं नाव सुचवतो, आणि चालू गोळ्या बंद करायला कधीच सांगत नाही. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. आणि 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा मोफत नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतून बोलता येतं.

सीमाभागातल्या पेशंटची एक वेगळीच अडचण कागदाची. व्यायामाचा छापील कागद कन्नड किंवा इंग्रजीत मिळतो आणि घरच्या आईला किंवा आजीला तो वाचता येत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला मराठीत चार ओळी लिहून मागाव्यात, नाहीतर थेरपिस्टच्या आवाजात सूचना मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्याव्यात. व्यायाम कामाच्या जागी बसवून घेणंही तितकंच गरजेचं. निपाणीत विड्या वळणारी बाई विड्यांच्या दर दोन कट्ट्यांनंतर मांडीवरचं सूप बाजूला ठेवून खांदे आवळून सोडू शकते. वडगावच्या मागावर बसणाऱ्याला दोरा तुटला की तेवढा थांबा मिळतोच. उद्यमबागेत सीएनसी मशीनवरच्या पोराला एक जॉब संपून दुसरा लावण्याआधी सहा हळू श्वास पुरतात. 'दिवसातून तीनदा करा' असं सांगितलेला व्यायाम कुणी करत नाही, कामाच्या खिळ्याला अडकवलेला होतो.

प्रवासाचंही धरावं. खानापूरहून सव्वीस-सत्तावीस किलोमीटर हेल्मेट घालून बाइकवर आलात, सिटिंग घेतली आणि तसेच परत निघालात, तर गणेबैलपर्यंत खांदे पुन्हा वर. त्या दिवशी बस किंवा रेल्वे. निपाणीकरांना बेळगावापेक्षा कोल्हापूर जवळ, सुमारे चाळीस किलोमीटर, तेव्हा हट्टाने इकडेच यायची गरज नाही. लांबून यायचंच असेल तर आठवड्याला दोनऐवजी एक तासाभराची सिटिंग मागून घ्यावी, आणि तिच्यातली शेवटची वीस मिनिटं व्यायाम-श्वासासाठी राखून ठेवायला आधीच सांगावं.